डावा दंड

एकतीस वर्षं मी हीच लस टोचली.
डावा दंड, कातडीचा अगदी वरचा पापुद्रा,
मोहरीएवढा फुगा उठला की सुई काढायची.
महिन्याभरानं आया घाबरून यायच्या,
"बाई, पिकलं जी!"
मी म्हणायचे, पिकू द्या.
अंगानं ओळख धरली.

आता त्याच नावाची कुपी
नागपुरात, दुसऱ्या मजल्यावर,
नळीनं माझ्या नवऱ्याच्या मूत्राशयात सोडतात.
ताकद कितीतरी जास्त, नाव तेच.
मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलं.

केसपेपरवर: निपाने डोमाजी, वय त्रेसष्ट, धंदा रंगारी.
कोशाच्या लड्या, उकळता हंडा,
कोपरापर्यंत कधी न उतरलेला निळा.
लालाच्या छटा किती, ते ह्याला विचारावं.
न्हाणीतून बाहेर आला एका सकाळी, म्हणाला,
"पातळ मजिठावानी जाते. दुखत नाई."
चार महिने झाले होते तेव्हा.
चार महिने. नर्सच्या घरात.

दुर्बीण घालून खरवडलं.
सहा आठवड्यांनी पुन्हा खरवडलं.
वरच्याच थरात आहे, बाई म्हणाल्या,
पण जात वाईट,
आत उतरायला बघेल.

मग मंगळवार लागले.
पहाटेची मोहाडीची एसटी, भंडाऱ्याला बदलायची,
सकाळपासून पाणी कमी.
औषध आत गेलं की दोन तास धरून ठेवायचं
आणि दर पंधरा मिनिटांनी वळायचं:
पाठ, डावी कूस, पोट, उजवी.
शिकाऊ डॉक्टर कारण सांगायला लागला तर हा म्हणे,
"मले काय सांगता जी.
लडी हंड्यात सोडली अन् उलटवली नाई
त डाग पडते.
रंग सगळीकडं सारका बसला पायजे."
पोरगा हसला.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

घरी आल्यावर संडासात ब्लीचिंग.
दर वेळी ओतायचं, पाव तास थांबायचं, मग पाणी.
गॅस्ट्रोच्या साथीत मी सात गावच्या विहिरींत टाकलेली पावडर,
आता एका माणसाच्या लघवीवर.
रात्री ताप चढतो, जळजळ होते,
तो दात दाबून उताणा पडतो.
मी कपाळावर हात ठेवते.
पिकू द्या, म्हणते.
ओळख धरते आहे.
आयांना सांगताना आवाज असा नव्हता माझा.

चौथ्या मंगळवारी कुपीच आली नव्हती.
कुठेच नाही म्हणे, कधी येईल सांगता येत नाही.
परतीच्या एसटीत मला उपकेंद्र आठवत राहिलं.
दहा पोरं जमल्याशिवाय मी कुपी फोडत नसे,
तीनच आली तरी एखाद्या दिवशी फोडावी लागे,
चार तासांनी उरलेलं फेकून द्यायचं, नियम होता.
त्या फेकलेल्या थेंबांचा हिशोब
मी तोवर कधी केला नव्हता.

आणि नाही लागू पडली तर?
बाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं.
"वांग्यावानी दिसते," हा म्हणाला.
केमोची दोन औषधं आहेत, एकामागून एक, ह्याच नळीनं.
परदेशात एक विषाणू निघालाय, आजार न करणारा,
अंगावर निरोप बांधून आत सोडतात, तीन महिन्यांतून एकदा.
इकडे?
इकडे अजून नाही, काकू.
नाहीतर वांगंच काढायचं,
पोटावर पिशवी.
हे शेवटचं त्यांनी पेन खाली ठेवून सांगितलं.
हा चित्राकडे बघत राहिला,
बोट फिरवून आतली बाजू चाचपावी तसं.

पुढे कुपी मिळाली, तीन आठवड्यांनी.
सहावी आज झाली.
एसटीत समोर एक बाळंतीण बसली होती,
पोराच्या डाव्या दंडावर ताजा फोड.
ह्यानं स्वतःची बाही वर सरकवली,
निळसर दंड खिडकीच्या उजेडात धरला.
कोरा.
"माह्या वेळी टोचली नसंन कोनी."
मी त्याची बाही खाली ओढली.

पुढली दुर्बीण तेवीस तारखेला.
मोहाडी यायला अजून वेळ होता, त्याला झोप लागली.
झोपेतच तो डाव्या कुशीवर वळला.
मी घड्याळ बघितलं.
पंधरा मिनिटं झाली होती.